विश्लेषण : पोटभर भात, तरी पेशी उपाशी! सिकलसेलमध्ये ऊर्जा नेमकी कुठे अडते?

गोंदिया हा धानाचा जिल्हा. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात ताटातला मुख्य पदार्थ भातच. पूर्व विदर्भातील इतर जिल्ह्यांप्रमाणे येथे सिकलसेलचे रुग्णही आहेत. पोटभर जेवूनही या रुग्णांना थोड्याशा श्रमाने धाप का लागते आणि रोवणीच्या दिवसांत सांधे ठणकून दवाखाना का गाठावा लागतो, याचे उत्तर पेशी अन्नातून ऊर्जा कशी काढतात यात आहे.

भातातली ऊर्जा पेशीपर्यंत कशी पोहोचते?

तांदळात प्रामुख्याने पिष्टमय पदार्थ असतो. तोंडातील लाळेपासूनच त्याचे तुकडे व्हायला सुरुवात होते आणि आतड्यात त्याचे ग्लुकोज होऊन ते रक्तात उतरते. पेशीत शिरल्यावर ग्लुकोजचा एक रेणू पेशीद्रवात फुटतो व त्याचे पायरुविक आम्लाचे दोन रेणू होतात. ही पहिली पायरी, ग्लायकोलायसिस. तिला ऑक्सिजन लागत नाही, पण मिळकतही तुटपुंजी : एटीपीचे जेमतेम दोन रेणू. एटीपी म्हणजे पेशीचे चलन. स्नायू आखडणे, मेंदूतील संदेश, नवी प्रथिने, सारे व्यवहार याच नाण्यात होतात. शरीरात एटीपीचा साठा फार नसतो. तोच पुन्हा पुन्हा मोडून घडवला जातो आणि दिवसभरातील ही उलाढाल माणसाच्या स्वतःच्या वजनाइतकी भरते.

खरी कमाई पुढे, तंतुकणिकेत होते. तेथे क्रेब चक्रात पायरुविक आम्लाचा उरलासुरला अंशही मोडला जातो, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि सुटलेले इलेक्ट्रॉन प्रथिनांच्या साखळीतून हातोहात पुढे सरकतात. साखळीच्या टोकाला त्यांना स्वीकारायला ऑक्सिजन उभा असतो. त्यातून पाणी तयार होते. या प्रवासातील ऊर्जेवर एका ग्लुकोजमागे एकूण सुमारे ३० ते ३२ एटीपी बनतात. (जुन्या पाठ्यपुस्तकांत ३८ हा आकडा आढळतो; प्रत्यक्ष मिळकत त्याहून कमी असल्याचे पुढे लक्षात आले.) टोकाचा ऑक्सिजन नसला की अख्खी साखळी तुंबते आणि पेशीला त्या दोन एटीपींवर भागवावे लागते. सोबत लॅक्टिक आम्ल साचते ते वेगळेच.

ऑक्सिजन वाहणारी पेशी स्वतः तो का वापरत नाही?

ऑक्सिजन पोहोचवण्याचे काम तांबड्या रक्तपेशींचे. एका पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू असतात आणि प्रत्येक रेणू ऑक्सिजनचे चार रेणू वाहतो. एवढा माल भरण्यासाठी ही पेशी परिपक्व होताना आपले केंद्रक आणि सर्व तंतुकणिका टाकून देते. त्यामुळे पाठीवर ऑक्सिजन असूनही तिला तो वापरता येत नाही. सुमारे १२० दिवसांचे आयुष्य ती केवळ ग्लायकोलायसिसवर काढते. मिळालेल्या थोड्या एटीपीवर ती आतील क्षारांचा तोल राखते आणि अंगची लवचीकता टिकवते. आपल्याहून अरुंद केशवाहिनीतून तिला दुमडून जावे लागते, तेव्हा ही लवचीकता कामी येते.

मग बिघडते कुठे?

हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल असते. सिकलसेलमध्ये तेथे व्हॅलिन येते. शेकडो घटकांच्या रेणूत एवढाच फरक. व्हर्नन इन्ग्रॅम यांनी तो १९५० च्या दशकात शोधला. ऑक्सिजन सोडल्यानंतर असे सदोष रेणू एकमेकांना चिकटून लांब, ताठ दोर तयार करतात आणि गोल पेशी विळ्यासारखी वाकते. धान कापण्याच्या विळ्याचे हे नाव आजाराला मिळाले खरे, पण विळा धार दाखवतो, ही पेशी अडकते. ती केशवाहिनीत रुतली की मागची वाहतूक थांबते.

आता ऊर्जेचा हिशेब पुन्हा पाहा. अडलेल्या वाहिनीपलीकडच्या हाडात आणि स्नायूत ऑक्सिजन पोहोचत नाही. तेथील तंतुकणिका ठप्प होतात, ग्लायकोलायसिसवर भार येतो, लॅक्टिक आम्ल वाढते. रक्त आम्लधर्मी झाले की हिमोग्लोबिन ऑक्सिजन अधिक सहज सोडते. एरवी ही सोयच, कारण राबणाऱ्या स्नायूला त्यामुळे जास्त ऑक्सिजन मिळतो. सिकलसेलमध्ये मात्र ऑक्सिजन सोडलेले रेणू वाढले की आणखी पेशी वाकतात. दुष्टचक्र सुरू होते आणि रुग्ण वेदनेने तळमळतो.

शरीरात पाणी कमी पडले की पेशीतील हिमोग्लोबिन दाट होते आणि दोर लवकर वळले जातात. म्हणून ताप, थंडी, अतिश्रम आणि पुरेसे पाणी न पिणे हे या आजाराचे शत्रू. दिवसभर बांधीत, चिखलपाण्यात वाकून रोवणी करताना यातले दोन-तीन शत्रू एकदमच गाठतात.

रक्त कमी असते, मग लोहाच्या गोळ्या पुरेशा नाहीत का?

नाहीत. विळ्याच्या आकाराची पेशी १० ते २० दिवसांतच फुटते. रक्त कमी होते ते त्यामुळे. लोह कमी पडते म्हणून नव्हे. फुटलेल्या पेशींतील रंगद्रव्याने डोळे पिवळे दिसतात आणि अनेक घरांत त्याला कावीळ समजून झाडपाल्याच्या औषधात महिने जातात. डॉक्टर नव्या पेशी घडवण्यासाठी फॉलिक ॲसिड देतात. हायड्रॉक्सियुरिया हे औषध गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढवते; ते दोरात गुंफले जात नाही, त्यामुळे वेदनेचे झटके कमी होतात. पेशीच्या ऊर्जेलाच हात घालण्याचा प्रयत्नही झाला आहे. मिटापिव्हॅट हे औषध ग्लायकोलायसिसमधील एका विकराला चालना देऊन तांबड्या पेशीतील एटीपी वाढवते. अमेरिकेत २०२२ मध्ये त्याला वेगळ्या रक्तविकारासाठी मान्यता मिळाली आणि सिकलसेलच्या रुग्णांवरही त्याच्या चाचण्या झाल्या. २०२३ मध्ये ब्रिटन व अमेरिकेत मान्य झालेली जनुक संपादनाची उपचारपद्धती आजाराच्या मुळाशी जाते, पण अमेरिकेत तिची किंमत २२ लाख डॉलर आहे. देवरी, सालेकसातील कुटुंबाने तिचा विचारही करू नये, अशी ही रक्कम.

तपासणी कुणी करावी?

हा आजार केवळ आदिवासींचा, हा समज चुकीचा आहे. विदर्भात अनुसूचित जाती व इतर मागास समाजांतही तो आढळतो. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असे लक्ष्य आहे. एकच सदोष जनुक असलेला वाहक सहसा धडधाकट असतो, त्याला स्वतःला काही जाणवत नाही. मात्र दोन वाहकांचा विवाह झाल्यास प्रत्येक गर्भारपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के आणि पूर्ण निरोगी असण्याची २५ टक्के असते. सुरुवातीची चाचणी रक्ताच्या थेंबावर होते. ती सकारात्मक आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीतून व्यक्ती वाहक आहे की रुग्ण, हे ठरते.