आडव्या वाऱ्यात विमान उतरवण्याचा हिशेब

व्यापारी मुसाफिराला वेळेची फार किंमत असते. म्हणूनच विमान धावपट्टीच्या अगदी जवळ येऊन उतरण्याऐवजी पुन्हा आकाशात झेपावले की आत बसलेली आमच्या धंद्यातील मंडळी लगेच कुरकुर करू लागतात. वैमानिक नवशिका दिसतो, असा फैसलाही कोणीतरी देऊन टाकतो. या कुरकुरीला कितपत आधार आहे, हे आम्ही वाचकांपुढे ठेवू इच्छितो.

विमानाला उतरताना वारा समोरून हवा असतो. त्यामुळे विमानतळ बांधण्याआधी त्या जागेच्या वाऱ्याची अनेक वर्षांची नोंद पाहून धावपट्टीची दिशा ठरवतात. पट्टीवर रंगवलेला आकडा त्या दिशेचाच असतो. मुंबईच्या पट्टीवर २७ लिहिले आहे, याचा अर्थ २७० अंश, म्हणजे पश्चिम. पण वारा कोणाचा नोकर नाही. तो बाजूने आला की विमान पट्टीवरून ढकलले जाते. म्हणून वैमानिक नाक वाऱ्याकडे वळवून, खेकड्यासारखा तिरका उतरत येतो. चाके टेकण्याच्या क्षणी मात्र त्याला नाक सरळ करावे लागते आणि वाऱ्याकडचा पंख किंचित खाली दाबून धरावा लागतो. जास्त दाबावा तर पंखाखाली टांगलेले इंजिन जमिनीला घासण्याची भीती, कमी दाबावा तर वारा तो पंख उचलतो. हे सारे ताशी सुमारे अडीचशे किलोमीटर वेगात आणि काही सेकंदांत करायचे असते.

जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे १ मार्च २००८ रोजी हेच घडले. ‘एमा’ नावाचे वादळ चालू होते. म्युनिकहून आलेले लुफ्तान्साचे एअरबस ए-३२० विमान २३ क्रमांकाच्या पट्टीवर उतरत होते. आत कर्मचाऱ्यांसह १३७ माणसे होती. वारा उजवीकडून येत होता आणि त्याचे झोत ४७ नॉटपर्यंत, म्हणजे ताशी ८७ किलोमीटरपर्यंत जात होते. नाक सरळ होताच उजवा पंख उचलला गेला, डावा खाली गेला आणि त्याचे टोक जमिनीला घासले. वैमानिकांनी इंजिनांना पूर्ण जोर देऊन विमान वर नेले, फेरी मारली आणि ३३ क्रमांकाच्या पट्टीवर सुखरूप उतरवले. त्या पट्टीवर वारा बराचसा समोरून मिळत होता. कोणालाही दुखापत झाली नाही. हे दृश्य जगभर दाखवले गेले आणि वैमानिकांची वाहवा झाली.

सरकारी तपासणी संस्थेचा अहवाल २०१० साली आला. त्यात वाहवेपेक्षा कामाची गोष्ट होती. या जातीच्या विमानाच्या पुस्तकात आडव्या वाऱ्याचा आकडा ३३ नॉट, झोत ३८ नॉटपर्यंत, असा होता. पण त्याला नाव होते ‘दाखवून दिलेला’ वारा. म्हणजे कारखान्याच्या वैमानिकाने चाचणीत एवढ्या वाऱ्यात विमान उतरवून दाखवले होते. ही मर्यादा आहे की फक्त नोंद, यावर खुद्द वैमानिकांतही एकमत नाही, असे तपासात आढळले. कापडवाल्याला ही भानगड समजावून सांगावी लागत नाही. गिरणीने नमुना तीन वेळा धुतला, रंग गेला नाही आणि तसे चिठ्ठीवर लिहिले. चौथ्या धुण्यात रंग टिकेल, असेही ती चिठ्ठी सांगत नाही आणि जाईल, असेही सांगत नाही. पण विकणारा तीच चिठ्ठी हमी म्हणून पुढे करतो. शिवाय चाचणीचा वैमानिक निष्णात असतो आणि त्या दिवशी त्याच्यामागे मुसाफिर बसलेले नसतात.

आणखी एक गोष्ट निघाली. या विमानात वैमानिकाचा हात आणि पंख यांच्यामध्ये संगणक असतो. एका बाजूचे चाक टेकताच संगणकाने विमान जमिनीवर आले असे धरले आणि पंख सावरण्याची ताकद जवळपास निम्मी केली. ताकद हवी होती नेमकी तेव्हाच. अशी कपात होते हे वैमानिकांना दिलेल्या पुस्तकांत नव्हते. आमच्या मते दोष पाहायचा तर आधी इथे पाहावा, हात चालवणाऱ्याकडे नंतर.

आता कुरकुरीकडे येऊ. पुन्हा फेरी मारण्यात इंधन जळते, पुढचे वेळापत्रक बिघडते, त्याचा खर्च कंपनीच्या वहीत पडतो हे खरे. पण फेरी मारणे ही वैमानिकाला शिकवलेली, नेहमीच्या सरावातील कृती आहे. हॅम्बुर्गला वाऱ्याच्या अधिक अनुकूल असलेली ३३ क्रमांकाची पट्टी पहिल्या प्रयत्नाच्या वेळीही तिथेच होती. ती आधीच मागून घेतली असती, तर मुसाफिरांची फार तर थोडी मिनिटे गेली असती.