भुवया कोरायला साडेसातशे तास

ऑस्टिन, टेक्सस

अमेरिकेच्या बातम्या मराठी वाचकापर्यंत पोचतात त्या बहुतेक वॉशिंग्टनहून. अध्यक्ष काय बोलले, आयातशुल्क किती वाढले, व्हिसाचे नियम बदलले का, यापलीकडे त्या फारशा जात नाहीत. इथे संसार थाटला की मात्र लक्षात येते, रोजच्या जगण्याचे बरेच निर्णय वॉशिंग्टनमध्ये होतच नाहीत. घरावर कर किती, वीज कोणी विकायची, दारूचे दुकान रविवारी उघडायचे की नाही, कोणता धंदा करायला कोणाची परवानगी लागते, हे सगळे पन्नास राज्यांच्या पन्नास राजधान्यांत ठरते. ऑस्टिन ही त्यांतली एक. इथले विधिमंडळ दोन वर्षांतून एकदाच, विषम वर्षी, नियमित अधिवेशनासाठी १४० दिवस भरते. १५० प्रतिनिधी आणि ३१ सेनेटर. प्रत्येकाचा पगार महिना ६०० डॉलर. सरकारने माणसाच्या वाटेत कमीत कमी यावे, ही टेक्ससची जुनी श्रद्धा आहे.

या श्रद्धेची खरी परीक्षा झाली ती तेलकंपन्यांच्या बाबतीत नव्हे, भुवया कोरणाऱ्यांच्या बाबतीत.

थ्रेडिंग म्हणजे काय, हे मराठी वाचकाला सांगायला नको. आपल्याकडे गल्लोगल्ली पार्लरमध्ये ‘आयब्रो’ होतात. भारत, पाकिस्तान, इराणकडून आलेल्या लोकांबरोबर ही कला इकडे आली आणि मॉलच्या कोपऱ्यातल्या छोट्या गाळ्यांत स्थिरावली. भांडवल म्हणजे एक खुर्ची, एक आरसा आणि सुती दोऱ्याचे रीळ. ना रसायन, ना धारदार हत्यार. हाती इथली पदवी नसलेल्या, इंग्रजी जेमतेम बोलणाऱ्या माणसालाही या कामावर उभे राहता येते.

टेक्ससच्या परवाना विभागाने मात्र हे काम सौंदर्यप्रसाधनाच्या कायद्याखाली येते असे ठरवले. म्हणजे परवाना हवा, परवान्यासाठी ७५० तासांचे प्रशिक्षण हवे, त्यासाठी सौंदर्यशाळेची हजारो डॉलर फी हवी, आणि वर परीक्षा. वर्षानुवर्षे हे काम करत आलेल्यांना दंडाच्या नोटिसा गेल्या. २००९ साली त्यांच्यातल्या काही जणांनी राज्याविरुद्ध दावा लावला. त्यांची बाजू मांडली ‘इन्स्टिट्यूट फॉर जस्टिस’ या मुक्त बाजाराचा पुरस्कार करणाऱ्या वकिलांच्या संस्थेने. खालची दोन्ही न्यायालये राज्याच्या बाजूने गेली. २६ जून २०१५ रोजी टेक्ससच्या सर्वोच्च न्यायालयाने तीनविरुद्ध सहा मतांनी ती अट रद्द केली. ७५० पैकी ३२० तासांचा भाग थ्रेडिंगशी संबंधित नसावा, हे राज्याच्या वकिलांनाही नाकारता आले नव्हते.

निकाल आला तो टेक्ससच्या स्वतःच्या राज्यघटनेच्या आधारे. इथे प्रत्येक राज्याला आपली वेगळी घटना आहे आणि ती नागरिकाला संघराज्याच्या घटनेपेक्षा अधिक संरक्षण देऊ शकते. वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५५ साली ओक्लाहोमातल्या चष्मेवाल्यांच्या खटल्यात जवळजवळ हात वर केले होते: कायद्याला काहीतरी पटण्याजोगे कारण कल्पिता येत असेल, तर आर्थिक नियमांत आम्ही ढवळाढवळ करणार नाही. त्यामुळे धंद्याच्या स्वातंत्र्याची लढाई राज्यांच्या राजधान्यांत आणि राज्यांच्या न्यायालयांत येऊन पोचली.

हा प्रश्न केवळ भुवयांपुरता नाही. १९५० च्या सुमारास अमेरिकेत वीस कामगारांपैकी साधारण एकाला कामासाठी राज्याचा परवाना लागत असे. ओबामांच्या काळात, २०१५ च्या जुलैत, व्हाइट हाउसने काढलेल्या अहवालाने सांगितले की आता चारांपैकी एकाहून अधिक कामगारांना तो लागतो. डॉक्टर, वकील समजू शकतात. पण केस विंचरून वेण्या घालणारी, फुलांचे गुच्छ बांधणारी? लुइझियानात फुलवाल्याला परवाना लागत असे आणि २०१० पर्यंत त्यासाठी प्रात्यक्षिक परीक्षाही होती. परीक्षक कोण? आधीपासून धंद्यात असलेले फुलवाले.

माझ्या मते सगळ्या प्रश्नाचे मूळ इथेच आहे. परवान्याची मागणी ग्राहक क्वचितच करतात. ती येते धंद्यात आधीच बसलेल्यांकडून. परवाना देणारी मंडळेही बहुधा त्यांच्याच हाती असतात. लुइझियानातच सेंट जोसेफ ॲबी हा बेनेडिक्टाइन संन्याशांचा मठ आहे. कट्रीना वादळाने मठाच्या जंगलातले लाकूड आडवे झाले, उत्पन्न बुडाले, तेव्हा संन्याशांनी साध्या लाकडी शवपेट्या बनवून विकायला घेतल्या. राज्याच्या अंत्यसंस्कार मंडळाने त्यांना रोखले: शवपेटी विकायला परवानाधारक अंत्यसंस्कार-व्यावसायिकच हवा. या मंडळाच्या नऊ सदस्यांपैकी आठ त्याच व्यवसायातले. पेटीत मृतदेह ठेवायचा असतो. तिथे ग्राहकाच्या कोणत्या सुरक्षेचा प्रश्न होता? २०१३ साली संघराज्याच्या अपील न्यायालयाने संन्याशांच्या बाजूने कौल दिला. एका गटाला स्पर्धेपासून वाचवणे, एवढाच हेतू कायद्याला पुरेसा नाही, असे त्या न्यायालयाने मानले.

नॉर्थ कॅरोलायनातले प्रकरण याहून पुढे गेले. तिथे दात पांढरे करून देणारी छोटी दुकाने मॉलमध्ये निघाली. दंतवैद्यांच्या मंडळाने त्यांना धंदा बंद करण्याची पत्रे धाडली. मंडळावर बहुमत होते ते व्यवसाय करणाऱ्या दंतवैद्यांचे. २०१५ साली संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की व्यावसायिकांच्याच हातातल्या अशा मंडळावर राज्याची खरीखुरी देखरेख नसेल, तर स्पर्धाविरोधी कायद्यापासून त्याला संरक्षण नाही. राज्याचा शिक्का मारला म्हणून मक्तेदारी पवित्र होत नाही.

मुक्त बाजाराचे पुरस्कर्ते हा विचार फार आधीपासून मांडत आले आहेत. मिल्टन फ्रीडमन यांनी १९६२ च्या ‘कॅपिटलिझम अँड फ्रीडम’ या पुस्तकात एक अख्खे प्रकरण यावर लिहिले आणि तीन पायऱ्या वेगळ्या केल्या: नोंदणी, प्रमाणपत्र आणि परवाना. नोंदणीत फक्त नाव-पत्ता कळवायचा. प्रमाणपत्र असले तर ग्राहकाला माहिती मिळते, पण ते नसलेल्यालाही काम करता येते. परवाना नसेल तर मात्र काम करणे हाच गुन्हा. फ्रीडमन तर डॉक्टरांनाही परवाना नको म्हणत. तिथे मी त्यांच्याबरोबर जाऊ शकत नाही. बेशुद्धावस्थेतल्या रुग्णाला डॉक्टर पारखून घेता येत नाही. पण त्यांचा मूळ प्रश्न मला प्रत्येक कायद्यासमोर ठेवावासा वाटतो: धोका नेमका किती आहे, आणि त्यासाठी यापेक्षा हलका उपाय पुरणार नाही का? दोरा स्वच्छ आहे का, हे बघायला आरोग्य निरीक्षक पुरतो. त्यासाठी साडेसातशे तास लागत नाहीत.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. टेक्ससच्या त्या खटल्यात मुख्य न्यायाधीश नेथन हेक्ट यांनी विरोधी मत दिले. इथे न्यायाधीश पक्षाच्या तिकिटावर निवडून येतात आणि त्या पीठावरचे नऊही जण रिपब्लिकनच होते. तरी मतभेद झाला. विरोधकांची चिंता अशी की कायदा शहाणा की अडाणी हे न्यायाधीश ठरवू लागले, तर लोकांनी निवडून दिलेल्या विधिमंडळाला अर्थ काय? चिंता रास्त आहे. राज्ये ही लोकशाहीच्या प्रयोगशाळा आहेत, हा संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयातले न्यायमूर्ती ब्रँडाइस यांचा गाजलेला विचार १९३२ च्या ज्या खटल्यातला आहे, तो खटलाही परवान्याचाच होता. ओक्लाहोमात बर्फ विकायला राज्याची परवानगी लागे. बहुमताने तो कायदा रद्द झाला आणि ब्रँडाइस यांनी विरोधी मत देताना राज्यांचा प्रयोग करण्याचा हक्क मांडला.

प्रयोगशाळा म्हटली की काही प्रयोग फसणारच. कॅन्ससमध्ये गव्हर्नर सॅम ब्राउनबॅक यांनी २०१२ साली प्राप्तिकरात मोठी कपात केली. तिजोरी रिती होत गेली आणि २०१७ साली रिपब्लिकन बहुमताच्याच विधिमंडळाने गव्हर्नरांचा नकाराधिकार ओलांडून ती मागे घेतली. टेक्ससने वीज बाजारावर सोपवली. पण थंडीसाठी यंत्रणा सज्ज ठेवण्याची सक्ती केली नाही. २०२१ च्या फेब्रुवारीत हिमवादळ आले, दिवसचे दिवस लाखो घरे अंधारात गारठली आणि राज्याच्या अधिकृत गणनेप्रमाणे २४६ माणसे मेली. त्याच वर्षी विधिमंडळाने ती सक्ती आणली. भुवई बिघडली तर ग्राहक पुढच्या वेळी दुसरीकडे जातो. वीजजाळे कोसळले तर त्याला जायला जागाच नसते. नियम कुठे हवा आणि कुठे नको, याची रेषा इथून जाते.

आणखी एक गोष्ट बजावून सांगितली पाहिजे. उद्योगांना अनुकूल असणे आणि बाजार मुक्त असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टेस्लाचे मुख्यालय ऑस्टिनमध्ये, प्रचंड कारखाना ऑस्टिनमध्ये. पण टेक्ससच्या कायद्याप्रमाणे मोटार बनवणाऱ्याला ती ग्राहकाला थेट विकता येत नाही, मध्ये विक्रेता लागतोच. टेस्ला घेणाऱ्या टेक्ससकराचा व्यवहार कागदोपत्री दुसऱ्या राज्यात होतो. मोटारविक्रेत्यांची संघटना बळकट आहे, म्हणून हा नियम टिकला आहे. स्वातंत्र्याची भाषा बोलणारे राज्यही संघटित गटापुढे नमते.

तरीही आशेला जागा आहे, कारण पन्नास राज्ये एकमेकांकडे बघून शिकतात. टेक्ससमध्येच १९७७ पासून ‘सनसेट’ची पद्धत आहे: सरकारी खात्यांचे आयुष्य कायद्यानेच मर्यादित केलेले असते, साधारण बारा वर्षांनी तपासणी होते आणि विधिमंडळाने पुन्हा मंजुरी दिली नाही तर खाते बंद पडते. केशरचना व सौंदर्यसेवेच्या परवान्यासाठी लागणारे १५०० तास इथे १००० वर आले. २०१९ साली ॲरिझोनाने इतर राज्यांतले परवाने सरसकट मान्य करायला सुरुवात केली आणि त्यामागून बऱ्याच राज्यांनी तसे कायदे केले. नवऱ्याची बदली झाली म्हणून परिचारिकेची किंवा शिक्षिकेची नोकरी अडू नये, हा त्यातला साधा लाभ. टेनेसीने २०२३ साली परदेशात शिकलेल्या अनुभवी डॉक्टरांना, इथली रेसिडेन्सी पुन्हा न करता, देखरेखीखाली काम सुरू करण्याची वाट कायद्याने मोकळी केली. मुंबई-पुण्याच्या वैद्यकीय महाविद्यालयांतून शिकून इथे आलेल्या आणि वर्षानुवर्षे घरी बसलेल्या कितीतरी डॉक्टरांना याचे मोल कळेल.

महाराष्ट्रात बाजारस्वातंत्र्य म्हटले की बड्या भांडवलदारांची आठवण होते. पण आपल्याकडे ती मागणी सर्वांत जोरात केली ती शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने, चाकणच्या कांद्यापासून पुढे. माल कुठे, कोणाला, कधी विकायचा हे सरकारने का ठरवावे, हा त्या शेतकऱ्यांचा प्रश्न होता. टेक्ससच्या भुवया कोरणाऱ्यांचा प्रश्न त्याच जातीचा आहे. बाजाराच्या बाजूचा सर्वांत भक्कम युक्तिवाद करसवलतींत सापडत नाही. तो सापडतो ज्याच्याकडे हातातल्या कसबाखेरीज काही नाही अशा माणसाच्या कामाच्या हक्कात. म्हणून कोणत्याही राज्यात नवा परवाना येऊ घातला की आमदाराला तीन प्रश्न विचारावेत: ही मागणी कोणी केली, परवाना देणाऱ्या मंडळावर कोण बसणार, आणि या अटीमुळे उद्या कोण कामाला मुकणार? तिसऱ्या प्रश्नातली माणसे सभागृहात कधीच हजर नसतात. त्यांच्या वतीने तो विचारणे हे बाकीच्यांचे काम आहे.