जुन्या ट्रॅक्टरमधील तेल व पाणी : बिघाडाची पूर्वसूचना कशी ओळखावी?

मृगाचा पाऊस पडून जमिनीला वाफसा येतो, तो फार दिवस टिकत नाही. नेमक्या त्याच दिवसांत ज्याचा ट्रॅक्टर बंद पडतो, त्याची पेरणी मागे पडते आणि पुढील सर्व कामांचा मेळ बिघडतो. तथापि, इंजिनाचे मोठे बिघाड सहसा एका दिवसात उद्भवत नाहीत. पुष्कळदा त्यांची सूचना काही आठवडे आधीच दोन ठिकाणी मिळालेली असते : तेल मोजण्याच्या कांडीवर आणि रेडिएटरच्या तोंडाशी. तेल उतरले की तेल ओतावयाचे, पाणी उतरले की पाणी भरावयाचे आणि कामास लागावयाचे, अशी रीत पडून गेल्यामुळे ही सूचना वाया जाते. उतरलेले तेल अथवा पाणी कोठे गेले, आणि वाढले असल्यास ते कोठून आले, हे भरण्यापूर्वी पाहिले, तर थोडक्या खर्चात भागणारे काम वेळीच करून घेता येते.

तेलाचा व पाण्याचा मार्ग

डिझेल इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेपैकी सुमारे एकतृतीयांश उष्णता पाण्यावाटे बाहेर टाकावी लागते. त्यासाठी पाणी लायनरभोवती व हेडमधून फिरून रेडिएटरमध्ये येते व थंड होऊन परत जाते. वंगणतेल तळाच्या चेंबरमधून पंपाने उचलले जाऊन गाळणीवाटे बेअरिंगांना पोचते आणि पुन्हा खाली उतरते. हे दोन्ही मार्ग एकमेकांच्या अगदी शेजारून जातात. त्यांच्यामध्ये हेडचे गॅस्केट, लायनरच्या तळाशी बसविलेल्या रबरी कड्या, आणि इंजिनास ऑइल कूलर असल्यास त्याची पातळ धातूची भिंत, एवढाच आडोसा असतो. इंजिन जुने झाले म्हणजे हा आडोसा दुबळा होऊ लागतो. आयशरच्या अनेक ट्रॅक्टरांप्रमाणे ज्यांची इंजिने हवेने थंड होतात, त्यांना पाण्याविषयीचा भाग लागू नाही. तेलाविषयीचा भाग मात्र तितकाच लागू आहे.

रोज सकाळची तपासणी

तपासणी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना व ट्रॅक्टर सपाट जागी उभा असताना करावी. कांडी बाहेर काढून फडक्याने पुसावी, पुन्हा पूर्ण आत घालून काढावी आणि मगच पातळी पाहावी. ती दोन खुणांच्या मध्ये असली पाहिजे. पातळीबरोबर तेलाचा रंग, वास व दाटपणाही पाहावा. त्यानंतर रेडिएटरचे झाकण उघडून पाणी पाहावे. रात्री ट्रॅक्टरखाली जुना पुठ्ठा अंथरून ठेवल्यास गळती कोठून होते हे सकाळी डागांवरून कळते.

किती तास काम झाले, किती तेल घातले व किती पाणी घातले, याची नोंद एका वहीत ठेवावी. ‘तेल थोडे जास्त लागते’ एवढ्या सांगण्यावरून मिस्त्रीस फारसा बोध होत नाही. पूर्वी शंभर तासांत अर्धा लिटर लागे व आता दोन लिटर लागते, अशी नोंद असल्यास निदानाचे निम्मे काम झालेले असते.

तेल कमी होत असल्यास

तेल बाहेर गळत असेल तर इंजिनावर ओला, धूळ चिकटलेला पट्टा दिसतो. ती जागा धुऊन कोरडी करावी व इंजिन चालवून गळतीचा उगम वरच्या बाजूस शोधावा; कारण तेल वर गळते आणि डाग खाली पडतो. व्हॉल्व्ह कव्हरचे गॅस्केट, गाळणीची बैठक व क्रँकशाफ्टच्या दोन्ही टोकांची ऑइल सील ही नेहमीची ठिकाणे होत. त्याआधी इंजिनाचा श्वासमार्ग, म्हणजे ब्रीदरची नळी, चिखलाने अगर काजळीने तुंबली आहे काय हे पाहावे. ती तुंबल्यास आतील दाब वाढून धडधाकट सीलमधूनही तेल बाहेर पडते.

बाहेर गळती नसून तेल उतरत असेल, तर ते जळत आहे असे समजावे. अशा वेळी धूर निळसर येतो. सकाळी सुरू करताना काही क्षण निळा धूर येऊन थांबत असेल, तर व्हॉल्व्हच्या गाइडमधून तेल उतरत असण्याचा संभव असतो. नांगरट किंवा रोटाव्हेटरच्या जोरकस कामात निळा धूर सतत येत असेल व ब्रीदरमधूनही धूर जोराने बाहेर पडत असेल, तर रिंगा व लायनर झिजले आहेत असा तर्क करावा आणि कॉम्प्रेशन मोजून त्याची खात्री करून घ्यावी.

डिझेल इंजिनातील तेल बदलल्यावर थोड्याच तासांत काळे होते. तो दोष नव्हे. तेलातील शोधक द्रव्ये काजळी धरून ठेवीत असल्याने असे होते. तेल बदलण्याची मुदत रंगावरून न ठरविता ट्रॅक्टरच्या माहितीपुस्तिकेत दिलेल्या तासांवरून ठरवावी.

तेल वाढत असल्यास

तेल न घालता पातळी वाढली, तर अनेकांना समाधान वाटते. वस्तुतः ही कमी होण्याहून अधिक गंभीर खूण आहे. वाढलेला द्रव डिझेल, पाणी अथवा हायड्रॉलिकचे तेल यांपैकी एक असतो.

डिझेल मिसळल्यास तेल पातळ होते व त्यास डिझेलचा वास येतो. डिझेल उचलणाऱ्या फीड पंपाचा पडदा फाटणे किंवा इंधन पंपाचे सील अगर एलिमेंट झिजणे ही त्याची कारणे होत. ज्या ट्रॅक्टरांत हायड्रॉलिकचा पंप इंजिनावरच बसविलेला असतो, त्यांत त्या पंपाचे सील गेल्यास हायड्रॉलिकचे तेल इंजिनात उतरते. एकीकडची पातळी वाढत असता दुसरीकडची घटते. पातळी फार वाढल्यास इंजिन तेच तेल जाळून घेऊ लागते आणि डिझेल बंद केले तरी वेगाने पळत सुटते. त्या वेळी हवा आत घेणारे तोंड लाकडी फळीने दाबून बंद करावे. हाताचा उपयोग कदापि करू नये.

पाणी मिसळल्यास तेल ताकासारखे अथवा दुधाच्या चहासारखे दिसते. मात्र पावसाळ्यात ट्रॅक्टर थोडाच वेळ चालवून बंद केला जात असेल, तर तेल भरण्याच्या झाकणाखाली बाष्प साचून पांढरा फेस येतो. कांडीवरील तेल स्वच्छ असेल आणि इंजिन तासभर कामावर चालविल्यावर तो फेस नाहीसा होत असेल, तर चिंतेचे कारण नाही.

शंका असल्यास दोन सोप्या परीक्षा करता येतात. पहिली : तापविलेला जुना तवा चुलीपासून दूर घेऊन त्यावर तेलाचे दोनच थेंब टाकावेत. तेलात पाणी असल्यास ते तडतडते. दुसरी : ट्रॅक्टर रात्रभर उभा ठेवून सकाळी चेंबरचा तळाचा बोल्ट थोडा सैल करावा. पाणी तेलापेक्षा जड असल्याने तळाशी साचलेले पाणी आधी बाहेर येते. पाणी आढळल्यास ‘एवढा एकर उरकून घेऊ’ असा विचार करू नये. पाणीमिश्रित तेल बेअरिंगांना तारू शकत नाही. गॅस्केटपुरता असलेला खर्च मग क्रँकशाफ्टपर्यंत जाऊन पोचतो.

पाणी कमी होत असल्यास

प्रथम बाहेरील ठिकाणे पाहावीत : रबरी होजपाइप व त्यांच्या क्लिपा, रेडिएटरचे सांधे, आणि वॉटर पंपाच्या खालचे लहान छिद्र. या छिद्रातून पाणी ठिबकू लागणे ही पंपाचे सील झिजल्याची खूण होय. ते छिद्र बुजवू नये. रेडिएटरचे झाकणही तपासावे. पाण्यावर दाब राखण्यासाठी त्यात स्प्रिंग असते. दर चौरस सेंटिमीटरला ०.९ किलोग्रॅम दाबाचे झाकण असल्यास समुद्रसपाटीवर पाणी १०० ऐवजी सुमारे ११८ अंश सेल्सिअसला उकळते. स्प्रिंग सैल झाली अथवा रबर फाटले की पाणी लवकर उकळून बाहेर पडते. नवे झाकण जुन्यावर छापलेल्या दाबाचेच घ्यावे.

बाहेर कोठेही ओल नसता पाणी उतरत असेल, तर थंड इंजिनात रेडिएटर काठोकाठ भरून, झाकण उघडे ठेवून इंजिन सुरू करावे. आरंभीचे थोडे बुडबुडे अडकलेल्या हवेचे असतात. ते न थांबता वेग वाढविताच वाढत असतील, तर हेडचे गॅस्केट फुटून किंवा हेडला तडा जाऊन जळलेला वायू पाण्यात येत आहे असे समजावे. पाण्यावर तेलाचा तवंग असल्यास ऑइल कूलर अथवा गॅस्केट यांचा संशय घ्यावा. गरम झालेल्या इंजिनातून दाट पांढरी वाफ येत राहणे म्हणजे पाणी सिलिंडरमध्ये जात असल्याचे चिन्ह होय. न जळलेल्या डिझेलचाही धूर पांढराच असतो. परंतु तो डोळ्यांस झोंबतो व रेंगाळतो, वाफ लवकर विरते.

एका रात्रीत पुष्कळ पाणी उतरले आणि खाली थेंबही पडलेला नसेल, तर सेल मारू नये. सिलिंडरमध्ये साचलेले पाणी दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.

पाणी पुरेसे असूनही इंजिन तापत असल्यास

मळणीच्या दिवसांत रेडिएटरच्या जाळीत भुसकट बसते. ती जाळी आतल्या बाजूने बाहेर हवा मारून साफ करावी. पंख्याचा पट्टा सैल अगर तेलकट नाही ना, हे पाहावे. विहिरीचे वा बोअरचे जड पाणी वर्षानुवर्षे भरल्याने आत क्षारांचे थर बसतात आणि उष्णता बाहेर पडत नाही. इंजिन तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची पद्धत अनेक गावी आढळते. ती सोडून द्यावी. त्यामुळे इंजिन योग्य उष्णतेपर्यंत पोचत नाही, डिझेल अपुरे जळून तेलात उतरते व झीज वाढते. दोषी थर्मोस्टॅट बदलून नवा बसविणेच योग्य.

इंजिन उकळल्यास ट्रॅक्टर थांबवावा व झाकणास हात लावू नये. उकळते पाणी अंगावर उडून गंभीर भाजते. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतल्यास हेडला तडा जाण्याचा धोका असतो. इंजिन पूर्ण निवल्यावरच पाणी भरावे.

कूलंट व जनावरांची सुरक्षितता

कूलंट केवळ थंड प्रदेशासाठी असते, हा समज बरोबर नाही. त्यातील द्रव्ये गंज व क्षार रोखतात, तसेच लायनरच्या बाहेरील पृष्ठभागास छिद्रे पडण्यापासून वाचवितात. ते ऊर्ध्वपातित पाण्यात, डब्यावर सांगितलेल्या प्रमाणात मिसळावे. मात्र बहुतेक कूलंटमध्ये असणारे इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड व अत्यंत विषारी असते. काढलेले कूलंट उघड्या घमेल्यात ठेवल्यास वासरू अथवा कुत्रे ते पिऊन दगावू शकते. लहान मुलांनाही तोच धोका आहे. ते झाकणाच्या डब्यात बंद करावे. जळके तेल विहिरीजवळ अथवा नाल्यात ओतू नये, किंवा जनावरांच्या जखमेस लावू नये.

दुरुस्तीचा क्रम

इंजिन उघडण्याचा निर्णय शेवटी घ्यावा. झाकण, क्लिपा, पट्टा, ब्रीदर व जाळी ही स्वस्त कामे प्रथम. रेडिएटरची दाब-परीक्षा व कॉम्प्रेशनची मोजणी त्यानंतर. आणि हेड काढणे सर्वांत शेवटी. अपवाद एकच : तेलात पाणी आढळले, तर ट्रॅक्टर त्याच जागी उभा करावा. ही सर्व पाहणी चैत्र-वैशाखात, नांगरट उरकताच करून घ्यावी. त्या वेळी मिस्त्रीस सवड असते, सुटे भाग मागविण्यास अवधी मिळतो, आणि पहिल्या पावसानंतर येणारा वाफसा दुरुस्तीत वाया जात नाही.