माणसं मोजायची की ऊस?

मोहरमला सांगली जिल्ह्यातल्या कडेगावात गगनचुंबी ताबुतांच्या भेटी होतात, तेव्हा गावात पाय ठेवायला जागा नसते. सोन्या-चांदीच्या गलाईसाठी देशभर पांगलेल्या कुटुंबांतलीही माणसं त्या गर्दीत असतात. लोकसंख्या किती वाढली, असं तेव्हा कुणाच्याही मनात येईल.

जनगणनेचे आकडे मात्र वेगळं सांगतात. 2001 ते 2011 या दहा वर्षांत सांगली जिल्हा 25.83 लाखांवरून 28.22 लाखांवर गेला, म्हणजे वाढ सव्वानऊ टक्क्यांच्या आसपास. शेजारचा सातारा तर सात टक्क्यांच्याही आत राहिला. त्याच काळात महाराष्ट्र सुमारे 16 टक्क्यांनी वाढला. इकडं जन्म कमी झाले आणि पोटासाठी बाहेर गेलेल्यांची मोजणी बाहेरच झाली. पण या कमी जन्मांत एक लाजिरवाणा हिशेबही आहे : 2001 साली सांगली जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली होत्या 851.

जगाचीही गती मंदावली आहे. 15 नोव्हेंबर 2022 रोजी आपण 800 कोटी झालो, असं संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केलं. मात्र 1960च्या दशकात दोन टक्क्यांच्या वर असलेला वार्षिक वाढीचा दर आता एका टक्क्याच्या खाली आहे. महाराष्ट्रात तर 2019-21च्या पाहणीनुसार एका बाईमागे सरासरी 1.7 मुलं, लोकसंख्या स्थिर राहायला 2.1 लागतात. मग आकडा अजून वाढतो कसा? मोटार बंद केली तरी पाटातलं पाणी थोडा वेळ वाहतंच, तसं. काल मोठ्या संख्येनं जन्मलेल्या मुली आज आया होताहेत, आणि म्हातारी माणसं जास्त जगताहेत.

माणसांची वाढ अशी मंदावली आहे, तर मग कडेगावच्या पाण्यावर ताण कुणाचा? हा पर्जन्यछायेतला तालुका. कृष्णेचं पाणी ताकारी आणि टेंभू योजनांनी उपसून इथं आणावं लागतं. टेंभू म्हणजे कराड तालुक्यातलं गाव. तिथून पाणी टप्प्याटप्प्यानं पंपांनी चढत येतं आणि प्रत्येक टप्प्याला वीज खातं.

आता साधं गणित मांडू. नळपाणी योजनेचा निकष माणशी रोज 55 लिटरचा, म्हणजे वर्षाला सुमारे 20 हजार लिटर. पाटानं भिजवलेल्या उसाला पावसाचं धरून एकरी ढोबळमानानं 80 लाख लिटर लागतात. म्हणजे एक एकर ऊस आणि 400 माणसांचं वर्षाचं घरगुती पाणी बरोबरीचं. पावसाचा वाटा वजा केला तरी अडीच-तीनशे माणसं उरतातच.

उसवाल्याला शिव्या देऊन उपयोग नाही. ज्याचा किमान दर कायद्यानं बांधलेला आहे आणि जे उचलायला कारखाना जवळच उभा आहे, असं दुसरं पीक त्याच्यापाशी आहे कुठं? पण तोच ऊस ठिबकवर घेतला तर पाण्याचा तिसरा हिस्सा तरी वाचतो, आणि तेवढंच पाणी पुढच्या दुष्काळी गावाला पोचू शकतं.

तेव्हा पारावर कुणी ‘माणसं लई झाली, पाणी पुरंना’ म्हणालं, तर त्याला एवढंच विचारा : तुमच्या रानात ठिबक आहे का?