‘आईच पाहिजे!’

गेल्या महिन्यात एक तरुण जोडपे दवाखान्यात आले. मुलगा दोन वर्षांचा, तक्रार किरकोळ सर्दीची. औषध लिहून दिले तरी वडील उठेनात. शेवटी म्हणाले, "डॉक्टर, हा माझ्याजवळ येतच नाही. उचलले की लाथा मारतो. काल रागाच्या भरात मी धपाटा घातला, मग रात्रभर मलाच झोप नाही."

चौकशी केली. सकाळी ते निघतात तेव्हा मूल झोपलेले, परततात रात्री आठला. मग आईला विचारले, "हा दिवसा फार छळू लागला तर काय म्हणता?" ती ओशाळून हसली. "बाबांना येऊ दे, सांगते, असं म्हणते."

बाबा म्हणजे आठ वाजता येणारी शिक्षा! (माझीही तीच गत. ‘डॉक्टर सुई टोचतील हं’ ही धमकी गावात घरोघरी चालते. मग स्टेथास्कोप दिसताच पोर टाहो फोडते.)

वाचकहो, दीड ते तीन वर्षांच्या वयात मूल एकाच पालकाला चिकटते, हा रोग नव्हे आणि खोडही नव्हे. जो भरवतो, न्हाऊ घालतो, झोपवतो, त्याची ओढ जास्त. शिवाय ‘नको’ म्हणता येते हे त्याला नुकतेच उमगलेले असते. काही महिन्यांनी हेच मूल ‘बाबाच पाहिजेत’ म्हणून हटून बसते, तेव्हा आईचे डोळे भरून येतात.

लाथ मारली तर? या वयात शब्द थोडे, आणि रागाला आवर घालणारा मेंदूचा भाग अगदी कच्चा. तो पक्का व्हायला विशी उलटावी लागते. पाय हलकेच धरून ‘मारायचं नाही, दुखतं’ एवढेच शांतपणे सांगावे. मात्र नियम आई, बाबा, आजी सर्वांचा एकच हवा. आईने नाही म्हटलेले बिस्किट आजीने पदराआडून दिले, की नियम माणसागणिक बदलतो हे पोर बरोबर शिकते. धपाट्याने ते एवढेच शिकते की मोठ्याने लहानाला मारलेले चालते. आणि लहान मुलाला रागाने गदागदा हलवणे तर कधीही नको. मेंदूत रक्तस्राव होऊन जीव गेल्याची उदाहरणे आहेत.

त्या वडिलांना मी एकच काम दिले: रात्री गोष्ट सांगून झोपवणे फक्त त्यांनीच. पहिले काही दिवस रडारड होईल, आईने धावत येऊ नये आणि ‘असं नाही, तसं’ म्हणून चुकाही काढू नयेत. चॉकलेट आणि मोबाईलची लाच बंद. (दोन वर्षांच्या मुलाला दिवसात एका तासापेक्षा जास्त पडदा नको, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच सांगितले आहे.)

एक मात्र लक्षात ठेवा. कालपर्यंत ज्याच्या कडेवर हसत जायचे, त्या माणसाला मूल आज एकाएकी घाबरू लागले, तर ‘हट्ट’ म्हणून सोडून देऊ नका. शांतपणे कारण शोधा. तसेच दोन वर्षांचे होऊनही दोन शब्द जोडत नसेल, हाक मारल्यावर वळून पाहत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा.

तीन आठवड्यांनी तेच कुटुंब खोकल्यासाठी आले. पोरगा बापाच्या मांडीवर ऐटीत बसला होता. मी स्टेथास्कोप उचलला मात्र, त्याने भोकाड पसरले.