इंजिन कव्हरवर खरं कार्बन फायबर, घरच्या घरी

विनाइलचा स्टिकर नव्हे, मी बोलतोय खऱ्या कापडाबद्दल आणि इपॉक्सीबद्दल!

आधी कव्हर उलटं करून आतला शिक्का वाचा. 'पीए६-जीएफ३०' म्हणजे काचतंतू मिसळलेलं नायलॉन. 120 नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडलं की त्यावर इपॉक्सी छान धरते. नुसतं 'पीपी' असेल तर नाद सोडा. पॉलिप्रॉपिलीनवरून पापुद्रा आज ना उद्या सुटतोच.

मग काळ्या इपॉक्सीचा एक हात. बोट लावलं तर चिकट लागतं पण बोटाला काळं येत नाही, नेमक्या त्या वेळी 200 ग्रॅमचं ट्विल कापड अंथरायचं. सगळी कला इथेच आहे. कोपऱ्यावर कापड ओढलंत तर विणीच्या तिरक्या रेषा वाकतात, आणि बॉनेट उघडल्यावर नजर आधी तिथेच जाते. मधून कडेकडे, हलक्या हाताने बसवा. वरून पारदर्शक रेझिनचे थर, वॉटर पेपर, पॉलिश.

घासताना मास्क आणि हातमोजे हवेतच.

साधी इपॉक्सी उष्णतेने मऊ पडते, म्हणून जास्त तापमान सोसणारीच घ्या. टर्बो-एक्झॉस्टजवळचे भाग वगळा. कार्बनमधून वीज वाहते, तेव्हा बॅटरीच्या टर्मिनलला त्याचा स्पर्श होता कामा नये.