धोकादायक वाडा सोडला, तरी भाडेकरूचा हक्क कायम

नाशिक - पावसाळा तोंडावर आला, की महापालिका गावठाणातील जुन्या वाड्यांना ‘धोकादायक’ ठरवून नोटिसा बजावते. तरीही जुने नाशिक, पंचवटी परिसरातील अनेक भाडेकरू जागा सोडत नाहीत. घरमालक दुरुस्ती करीत नाहीत, अशी त्यांची तक्रार. तर मिळणाऱ्या भाड्यात दुरुस्ती होणार कशी, हा घरमालकांचा सवाल. या वादाचे मूळ भाडे नियंत्रण कायद्यात आहे.

गोठलेले भाडे
१९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० चे भाडे प्रमाण मानले. घरटंचाईच्या काळात भाडेकरूंना त्याचा आधार मिळाला. पण भाडे दशकानुदशके गोठले. या तरतुदी कालांतराने अवाजवी ठरल्या आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये स्पष्ट केले. त्यानंतर आलेला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याने घरमालकास दरवर्षी चार टक्के भाडेवाढीचा अधिकार दिला.

पन्नास रुपयांचे गणित
महिना ५० रुपये भाडे असल्यास पहिल्या वर्षीची वाढ होते अवघी दोन रुपये. जागा राहण्यायोग्य ठेवणे कायद्याने घरमालकावर बंधनकारक आहे. नोटीस देऊनही त्याने १५ दिवसांत दुरुस्ती न केल्यास भाडेकरू ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र त्याला वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांश, म्हणजे या उदाहरणात १५० रुपये, एवढीच मर्यादा आहे. तेवढ्यात कुजलेली सागवानी तुळई बदलता येत नाही. मुंबई शहरातील उपकरप्राप्त इमारतींसाठी म्हाडाचे दुरुस्ती मंडळ आहे. नाशिकच्या वाड्यांना तो आधार नाही.

घरमालकास जागेची खरोखर गरज असल्यास तो न्यायालयात ताबा मागू शकतो. तेथे कोणाची अडचण अधिक, याचाही विचार होतो. भाडे नियमित भरणाऱ्या भाडेकरूला केवळ मालकाच्या मर्जीखातर काढता येत नाही, तसेच पाणी किंवा वीज तोडून त्याला हुसकावताही येत नाही.

जीव की हक्क?
एकदा बाहेर पडलो, की हक्क संपला, ही भाडेकरूंची खरी भीती. ती अनाठायी आहे. इमारत नष्ट झाली, तरी भाडेकरार आपोआप संपुष्टात येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये महाराष्ट्रातीलच एका प्रकरणात दिला. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने तेथील धोकादायक इमारतींसाठी घालून दिलेल्या कार्यपद्धतीत, पाडकामापूर्वी भाडेकरूंच्या ताब्यातील क्षेत्राची नोंद घेण्यास सांगितले आहे.

म्हणूनच नोटीस येताच भाडेपावत्या, वीजबिले जपावीत, आपल्या खोल्यांचे मोजमाप महापालिकेकडे लेखी नोंदवून घ्यावे आणि मगच, पण वेळेत, वाडा सोडावा. अशी नोंद घरमालकाच्याही हिताची आहे. कारण पुनर्बांधणीच्या वेळी कोणाला किती जागा द्यायची, हा वाद त्यामुळे टळू शकतो.